अतिवृष्टी वाढली हे मान्य, पण मोठे पूर वाढले का?

मिठीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मुंबईत पाणी तुंबले की दोन मते ठरल्यासारखी पुढे येतात. एक मत असे की हा सारा हवामानबदलाचा परिणाम आहे आणि त्यापुढे कोणतीही यंत्रणा हतबलच ठरणार. दुसरे असे की पाऊस पूर्वीही असाच पडत होता, नालेसफाई नीट होत नाही म्हणून शहर बुडते. दोन्ही मते इतक्या ठामपणे मांडली जातात की मधला प्रश्न विचारायचाच राहून जातो. हवामानबदलामुळे मोठ्या पुरांची वारंवारता खरोखर वाढते आहे का, आणि वाढत असेल तर सर्व प्रकारच्या पुरांची की काहींचीच?

मी कुर्ल्यात मिठीच्या काठाजवळ लहानाचा मोठा झालो. आमच्या चाळीत तळमजल्यावर विजेचे मीटर आता माणसाच्या डोक्याच्या वर बसवलेले आहेत, आणि जून लागला की धान्याचे डबे, गाद्या आणि मुलांची प्रमाणपत्रे पोटमाळ्यावर चढतात. २००५ च्या महापुरानंतर लागलेली ही सवय आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ वादविवादाचा नाही.

जे पक्के आहे तिथून सुरुवात करतो. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प सामावून घेण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत पृथ्वीचे सरासरी तापमान एका अंशाहून अधिक वाढलेले आहे आणि आपल्याला पाऊस देणारा अरबी समुद्रही तापला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्य भारतातील १९५१ ते २००० या काळातील नोंदी तपासून दाखवले की मोसमी पावसाची एकूण बेरीज फारशी न बदलता अतितीव्र पावसाच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या. त्याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार, विस्तीर्ण क्षेत्रावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या.

जागतिक पातळीवर आयपीसीसीचा (हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा) २०२१ चा अहवाल सांगतो की, मानवी हस्तक्षेपापूर्वीच्या हवामानात दहा वर्षांतून सरासरी एकदा होणारी अतिवृष्टी एक अंश तापमानवाढीच्या जगात १.३ पट वारंवार होते. दोन अंशांवर ती १.७ पट आणि चार अंशांवर २.७ पट वारंवार होईल. मात्र नद्यांच्या पुरांविषयी हाच अहवाल बराच सावध आहे. काही प्रदेशांत मोठे पूर वाढले, काहींत घटले, आणि साऱ्या जगाचा मिळून एक कल ठामपणे सांगता येत नाही, असे तो म्हणतो. पाऊस वाढतो आणि तरी पूर सर्वत्र वाढत नाहीत, हे कसे, यावर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे. माझे स्वतःचे मत असे की, मुंबईसारख्या ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच आहे, आणि त्याचे कारण इथल्या नद्यांच्या लांबीत आहे.

आकडेमोड

मिठीकाठ, मांडणी आवडली, पण निष्कर्षापाशी तुम्ही घाई करत आहात असे मला वाटते.

पहिली गोष्ट अशी की, तुम्ही उल्लेखलेल्या दोन्ही भारतीय अभ्यासांत 'मध्य भारत' म्हणून जी चौकट घेतली आहे, तिच्यात कोकणपट्टी येतच नाही. सह्याद्रीच्या अलीकडचा पाऊस डोंगरामुळे पडतो, त्याची गणिते निराळी असतात, म्हणून ती मुद्दाम वगळलेली आहे. तेव्हा तो तिपटीचा आकडा उचलून मुंबईला लावता येणार नाही. आयआयटी मुंबईच्या सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये देशभरातील अतिवृष्टीच्या नोंदी स्थानिक पातळीवर तपासल्या, तेव्हा सर्वत्र सारखा वाढीचा कल दिसला नाही. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी आढळणारा फरक मात्र वाढलेला दिसला.

दुसरी गोष्ट, कुलाबा वेधशाळेची चोवीस तासांतील सर्वाधिक पावसाची नोंद ५ जुलै १९७४ ची, ५७५.६ मिलिमीटरची आहे. तेव्हा हवामानबदलाची फारशी चर्चाही नव्हती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नाही. एकाच शहरातील दोन केंद्रांत एवढी तफावत असेल, तर दोन केंद्रांच्या विक्रमांवरून वारंवारतेविषयी काही सांगणे धोक्याचे आहे. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या घटनेचा कल ओळखण्यासाठी शंभर वर्षांची मालिकाही तोकडी पडते.

तिसरी गोष्ट, प्रत्येक पुराचे खापर हवामानबदलावर फोडता येत नाही. डिसेंबर २०१५ मधील चेन्नईच्या पावसाचा शास्त्रज्ञांनी याच दृष्टीने तपास केला होता आणि तापमानवाढीचा स्पष्ट ठसा त्यांना सापडला नाही. नुकसानीचे आकडे वाढत आहेत हे खरे आहे, पण नदीच्या पात्रात आणि खाजणात वस्ती वाढली की तेवढ्याच पाण्यातही नुकसान वाढतेच.

कृष्णाकाठ

मी मूळची सांगलीची, सध्या दादरला राहते. महाराष्ट्रातील पुरांची चर्चा मुंबईपाशीच थांबू नये म्हणून लिहिते.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ च्या महापुरात पाणी ५० फुटांच्या पुढे गेले, तेव्हा असा पूर आयुष्यात एकदाच पाहायला मिळतो असे आमचे वडीलधारे म्हणाले होते. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले आणि लगेच २०२१ मध्ये पुन्हा ५० फूट ओलांडले. त्याच २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेली आणि महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. एवढ्या कमी अंतराने हे घडल्यावर 'पूर्वीही असेच होत होते' हे वाक्य ऐकवत नाही.

तरीही प्रामाणिकपणे सांगायचे तर आमच्याकडचा पूर निव्वळ पावसाचा नसतो. कोयनेतून किती पाणी कधी सोडले, अलमट्टीत पाणी किती साठवले होते, पंचगंगेच्या काठावर भराव टाकून रस्ते किती उंच केले, यावर आमच्याकडे वर्षानुवर्षे वाद चालू आहेत. २०१९ नंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समितीही नेमली गेली. पाऊस अनेक दिवस पडत राहतो, धरणे भरतात, मग पाणी चढते. त्यात हवामानाचा वाटा किती आणि माणसांच्या निर्णयांचा किती, हे वेगळे काढणे मला तरी शक्य वाटत नाही.

मिठीकाठ

कृष्णाकाठ, तुमच्या शेवटच्या परिच्छेदातच मला हव्या असलेल्या उत्तराचा अर्धा भाग आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पाऊस वाढूनही मोठ्या नद्यांचे पूर सर्वत्र का वाढले नाहीत, हा प्रश्न आशिष शर्मा, कॉनराड वास्को आणि डेनिस लेटेनमायर यांनी २०१८ मध्ये एका शोधनिबंधात थेट उपस्थित केला होता. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा की, मोठ्या पाणलोट क्षेत्रात पाऊस आणि पूर यांच्यामध्ये जमीन असते. तापमान वाढले की दोन पावसांच्या मधल्या काळात जमीन अधिक कोरडी होते आणि पुढचा पाऊस पडला की आधी तहान भागवते. थंड प्रदेशांत बर्फाचा साठा कमी झाल्यामुळे वसंतातले पूरही घटतात. युरोपातील नद्यांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचे प्रत्यंतर येते: वायव्य युरोपात पूर वाढले, दक्षिण आणि पूर्व युरोपात घटले. त्यात भर म्हणजे तुम्ही म्हणता तशी धरणे असतात, आणि ती पूर रोखूही शकतात व वाढवूही शकतात. एवढे मध्यस्थ असल्यावर पावसातली वाढ पुरात जशीच्या तशी उतरत नाही.

आता मिठीकडे पाहा. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत तिची लांबी जेमतेम १८ किलोमीटर आहे आणि पाणलोट सुमारे ७३ चौरस किलोमीटर. विहारजवळ पडलेले पाणी काही तासांत कुर्ल्यात येते. मधे धरण नाही. जमीन आहे, पण तिच्यावर डांबर, काँक्रीट आणि पत्रे आहेत. कोरडी पडून पाणी शोषणारी माती जिथे उरलेलीच नाही, तिथे शर्मा आणि सहकाऱ्यांनी सांगितलेला दिलासा लागू पडत नाही. दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या नद्यांचीही हीच स्थिती आहे. म्हणून 'हवामानबदलामुळे पूर वाढतात का' या प्रश्नाचे एकच उत्तर शोधणे मला चुकीचे वाटते. गंगा, कृष्णा, मिठी या तिघींना तीन वेगळी उत्तरे आहेत, आणि नदी जितकी आखूड व काठ जितका बांधलेला, तितके उत्तर 'होय'च्या जवळ सरकते.

आकडेमोड, मध्य भारताच्या चौकटीविषयी तुमचा आक्षेप रास्त आहे. पण एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. आपण सगळे चोवीस तासांच्या बेरजेविषयी बोलत आहोत. वेधशाळेचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. २०० मिलिमीटर पाऊस दिवसभर रिपरिप पडला तर लोकल थोड्या उशिराने धावतात आणि हिंदमातासारख्या सखल भागात घोटाभर पाणी साचते. तेच २०० मिलिमीटर तीन तासांत पडले तर माणसे वाहून जातात. नोंदवहीत दोन्ही दिवस सारखेच दिसतात. २६ जुलैला सांताक्रूझला एका तासात १९० मिलिमीटर पडले होते. त्या दिवसाची खरी ओळख हा आकडा आहे, आणि ९४४ चा आकडा पाठ असलेल्यांपैकी फार थोड्यांना तो ठाऊक असतो. मुंबईचा पूर तासांचा पूर आहे. त्याची वारंवारता दिवसांच्या आकड्यांवरून ठरवायला गेलो, तर वाढ असली तरी ती आपल्याला दिसणार नाही.

पर्जन्यवाहिनी

माझी सगळी नोकरी जलनिःसारणाच्या कामात गेली, आता निवृत्त आहे. तासाच्या पावसाचा मुद्दा निघाला म्हणून लिहितो, कारण आमच्या क्षेत्रात सगळे आराखडे त्याच आकड्यावर उभे असतात.

शहराची जुनी पर्जन्यजल व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती, तीही समुद्राला ओहोटी असताना आणि पडलेल्या पाण्यापैकी निम्मे जमिनीत मुरेल असे धरून. ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे ही व्यवस्था सुधारण्याच्या महापालिकेच्या प्रकल्पाचा, आराखडा १९९३ मध्ये तयार झाला. त्यावर २००५ पर्यंत पुरेसे काम झाले नाही. २६ जुलैनंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि त्यानंतरच्या सुधारणांत ताशी ५० मिलिमीटरचे उद्दिष्ट ठेवून पाणी मुरण्याचे गृहीतक काढून टाकण्यात आले. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गजधरबंध येथे पंपिंग स्टेशने उभी राहिली; मोगरा आणि माहुलची कामे मात्र वर्षानुवर्षे रखडली.

आता एक साधे गणित मांडतो. नाल्याची क्षमता ताशी ५० मिलिमीटर आहे आणि पाऊस ताशी ६० चा पडला, असे समजा. तुंबणारे पाणी १० मिलिमीटरचे. पावसाचा जोर दहा टक्क्यांनी वाढला, म्हणजे ६६ झाला, तर तुंबणारे पाणी १६ होते. पावसातली वाढ दहा टक्के आणि रस्त्यावरच्या पाण्यातली वाढ साठ टक्के. पाऊस ५० च्या आत राहिला तर वाढ कोणाला जाणवतही नाही, आणि तो उंबरठा ओलांडला की थोडक्या वाढीचेही मोठे पाणी होते. 'सात टक्क्यांनी काय होते' असे विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

हेच गणित दुसऱ्या बाजूनेही चालते, हे विसरू नये. नाल्यात गाळ साचून त्याची क्षमता ५० वरून ४० वर आली, तर ६० च्या पावसात तुंबणारे पाणी १० वरून थेट २० होते. गाळामुळे घटलेली क्षमता आणि उष्णतेमुळे वाढलेला पाऊस एकत्र आले, तर २६ होते. नालेसफाई की हवामान, हा वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. हवामान बिघडत असेल तर नालेसफाई पूर्वीपेक्षा अधिक काटेकोर हवी, असाच त्याचा अर्थ निघतो.

खाडीवाला

पर्जन्यवाहिनी काकांच्या हिशेबात समुद्र यायचा राहिला आहे.

आपल्या नाल्यांची बहुतेक मुखे भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. मोठी भरती असली की फ्लडगेट बंद करावे लागते, नाहीतर समुद्रच नाल्यातून शहरात शिरतो. आणि ते बंद केले की आतले पाणी आतच राहते, पंप जेवढे उपसतील तेवढेच बाहेर जाते. गेट खाली आले की नाल्याचे वाहते पाणी आधी संथ होते, मग थांबते आणि तरंगता कचरा हळूहळू मागे, वस्तीच्या दिशेने सरकू लागतो. त्या दोन-तीन तासांत पाऊस किती पडतो यावर सगळे अवलंबून असते. २६ जुलैच्या दुपारीही साडेचार मीटरच्या आसपास भरती होती.

पाऊस आणि भरती एकाच वेळी येणे हा योगायोग असतो हे मान्य. पण समुद्राची सरासरी पातळी चढत असेल, तर दरवाजे बंद ठेवावे लागतील असे तास वाढत जाणार. अपोलो बंदरच्या भरतीमापकावर १८७८ पासूनच्या नोंदी आहेत. जगभरात समुद्रपातळी २००६ ते २०१८ या काळात दरवर्षी ३.७ मिलिमीटरने वाढली, असे आयपीसीसीचाच अहवाल सांगतो. पाऊस अजिबात वाढला नाही असे आकडेमोड यांच्या समाधानासाठी घटकाभर धरले, तरी केवळ या एका कारणाने मुंबईत पाणी तुंबण्याचे प्रसंग वाढतील.

आकडेमोड

पर्जन्यवाहिनी यांच्या उंबरठ्याच्या गणिताला माझी पूर्ण सहमती आहे, आणि समुद्रपातळीचा मुद्दा तर माझ्या आक्षेपांच्या कक्षेबाहेरचा आहे. तिथे नोंदींची मालिका मोठी आणि कल स्पष्ट आहे. मिठीकाठ यांचा आखूड नद्यांचा युक्तिवादही भौतिकशास्त्राच्या दृष्टीने सुसंगत आहे. मला हवा आहे तो मोजमापाचा पुरावा.

अलीकडच्या घटना डोळ्यांपुढे असतात, म्हणून वारंवारता वाढली असे वाटते. २९ ऑगस्ट २०१७, २ जुलै २०१९, ५ ऑगस्ट २०२०, मे २०२१ मधले तौक्ते वादळ, मे २०२५: ही यादी प्रभावी दिसते. मे २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ तारखेलाच मुंबईत पोहोचला आणि कुलाब्याच्या मे महिन्यातील पावसाचा १९१८ पासूनचा विक्रम मोडला, हेही खरे आहे. पण १९१८ च्या मे महिन्यातही कुलाब्याला २७९ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि तेव्हा वातावरणातील कर्बवायूचे प्रमाण आजच्यापेक्षा कितीतरी कमी होते. मोसमी पावसात दशकांच्या अंतराने चढउतार होतात. त्यांतून तापमानवाढीचा वाटा वेगळा काढायचा, तर तासांच्या नोंदींची लांब मालिका लागेल. ती तपासून वाढ दिसली, तर मी इथेच तसे लिहीन.

मिठीकाठ

ही अट मला मान्य आहे, आणि ती पूर्ण करण्याचा प्रयत्न आपण करू शकतो. फक्त एक गोष्ट नोंदवतो. १९७४ किंवा १९१८ मध्ये मोठा पाऊस झाला होता, यावरून एवढेच सिद्ध होते की असा पाऊस तापमानवाढीशिवायही पडू शकतो. तो आता अधिक वेळा पडतो का, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. चेन्नईत ठसा सापडला नाही, तर जुलै २०२४ मध्ये वायनाडला दरडी कोसळल्या त्या दिवसाचा पाऊस तापमानवाढीमुळे सुमारे दहा टक्क्यांनी अधिक तीव्र झाला होता, असा अंदाज तशाच पद्धतीच्या तपासातून निघाला. वायनाडही पश्चिम घाटातच आहे आणि त्याला पाऊस देणारा समुद्र आपलाच आहे. मला तो दाखला आपल्याला अधिक जवळचा वाटतो.

आणि पूर्ण पुराव्यासाठी थांबण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. मिठीचे पाणी चढू लागले की कुर्ल्यातल्या क्रांतीनगरच्या लोकांना घरे सोडून बाहेर पडावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्येही तसेच झाले. ताशी ५० मिलिमीटर पुरेसे आहेत की ७० लागतील, हा निर्णय घ्यायला वीस वर्षांची मालिका पूर्ण होण्याची वाट पाहिली, तर ती वीस वर्षे त्या घरांतल्या माणसांना काढावी लागतील. एका तासात १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस मे महिन्यात दक्षिण मुंबईत पडतो, हे आपण २०२५ मध्ये पाहिले. तेवढे मला आराखडा बदलण्यासाठी पुरेसे वाटते, संशोधनासाठी ते पुरेसे नसले तरी.

पर्जन्यवाहिनी

मालिकेविषयी सांगतो. २००५ नंतर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. त्यांच्याकडून दर पंधरा मिनिटांची नोंद येते. कुलाबा आणि सांताक्रूझच्या दोन केंद्रांपेक्षा हे जाळे पुष्कळ दाट आहे, त्यामुळे एका भागात पाऊस आणि दुसऱ्या भागात कोरडे, ही मुंबईची नेहमीची तऱ्हा त्यात पकडता येते. मालिका लांब नाही हे खरे, पण केंद्रांची संख्या ती उणीव काही अंशी भरून काढते.

माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा असेल तर 'पावसाची सर्व माहिती द्यावी' असे लिहू नये, असा अर्ज परत येतो. प्रत्येक केंद्राचे नाव, केंद्र सुरू झाल्याची तारीख, जागा बदलली असल्यास ती कधी बदलली, बंद राहिल्याचा कालावधी आणि जून ते सप्टेंबरच्या पंधरा मिनिटांच्या नोंदी, असे मुद्दे सुटे मागावेत. पंपिंग स्टेशनांवर पंप किती तास चालले, त्याची नोंदवहीही स्वतंत्र अर्जाने मागावी. पावसाची आणि उपशाची वेळ शेजारी शेजारी ठेवली की कुठे पाऊस जास्त होता आणि कुठे नाला कमी पडला, हे आकडेमोड यांना वेगळे करता येईल.

आकडेमोड

त्यात भरतीच्या वेळाही जोडाव्या लागतील, म्हणजे खाडीवाला यांचा मुद्दाही तपासता येईल. अर्जाचा मसुदा मी करतो आणि याच धाग्यावर टाकतो. काकांनी त्यातले तांत्रिक शब्द एकदा पाहून घ्यावेत, आणि कुर्ला, अंधेरी, परळ या भागांतील सभासदांनी आपल्या रस्त्यावर पाणी कधी चढले आणि कधी उतरले याच्या तारखा व वेळा जमतील तशा इथे नोंदवाव्यात. पर्जन्यमापकाच्या नोंदी मिळाल्या तरी पाणी प्रत्यक्ष कुठवर आले होते, हे त्यात लिहिलेले नसते.